जंपर तिसऱ्या जागी

तिकडे उत्तरेत, चिनहटच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा माझी पक्की समजूत होती की चुका करतात ती इतर माणसं. आम्ही मीटर तपासणारी यंत्रं बनवायचो. संगणक आणि यंत्र ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांना बस म्हणतात. ते बोलणं सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझ्याकडे होता. त्यात ओळींच्या शेजारी कॉमेंट्स लिहायच्या असत, वाचणाऱ्या माणसांसाठी. यंत्राला त्यांच्याशी घेणंदेणं नसतं, म्हणून एकदा लिहिल्यावर मीही तिकडे फिरकत नसे.

एका सकाळी यंत्र ठप्प. आमच्या टेक्निशियनने आदल्या दिवशी नवं कार्ड बसवलं होतं आणि त्यावरचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी नखाएवढी टोपी, दुसऱ्याऐवजी तिसऱ्या जागी लावली होती. माझं डोकंच फिरलं. तो तीन वर्षं हंगामी होता आणि त्याला कायम करायचं की नाही हे साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते. हे ठाऊक असूनही मी त्याच्या निष्काळजीपणावर पानभर लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. वर त्याला सुनावलं, "पढ़कर काम किया करो!"

"पढ़कर ही किया था, मॅडम," असं म्हणून त्याने खिशातला प्रिंटआउट उलगडला. जंपर तिसऱ्या जागी लावा, अशी स्वच्छ कॉमेंट होती. खाली माझी आद्याक्षरं. कार्डाची रचना बदलली तेव्हा मी कोड बदलला होता, कॉमेंट तशीच राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धावतच साहेबांकडे गेले. ते चहा घेत माझंच पान वाचत होते. चूक माझी आहे असं सांगून मी ते परत मागितलं.

"पूरा पन्ना लिखने की फुर्सत थी, एक लाइन बदलने की नहीं?" पान परत देत साहेबांनी विचारलं. वर हसलेही.

मग चार दिवस मी एकेक कॉमेंट मोठ्याने वाचायची आणि त्याने कार्डाशी ताडून पाहायची. "ये भी झूठ है, मॅडम!" असं तो इतक्या आनंदाने ओरडायचा की आधी मी चिडले आणि नंतर मलाही हसू आवरेना. जुन्या ओळी खोडताना भलतंच हलकं वाटत होतं.

कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी तो रेवड्यांचा पुडा घेऊन आला. मी अभिनंदन केलं.

"मॅडम," तो म्हणाला, "अब जो गलती होगी, वो मेरी अपनी होगी."