लाल ठिपक्याचा नळ

शिक्षण संपल्यावर मी पहिली नोकरी केली ती एका गच्चीवर. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सरकारी अनुदानावर सौर ऊर्जेचा एक संशोधन प्रकल्प चालू होता आणि मी त्यात साहाय्यक होते. उन्हावर पाणी तापवणारी चार पॅनल गच्चीवर मांडलेली होती. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर अर्ध्या तासानं त्यांत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान वहीत उतरवायचं, एवढंच माझं काम. आम्ही दोघंच होतो, प्रकल्पाचे प्रमुख असलेले सर आणि मी. वर्षाचे आठ महिने स्वच्छ ऊन पडणाऱ्या शहरात आंघोळीच्या पाण्यासाठी वीज जाळणं हा शुद्ध गाढवपणा आहे, असं सरांचं मत होतं. हळूहळू तेच माझंही झालं.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षाचा हप्ता यायच्या वेळी एक पत्र आलं. योजनेची पुनर्रचना होत असल्यामुळे पुढील मंजुरी तूर्त स्थगित, असं त्यात लिहिलं होतं. सर दिल्लीला जाऊन आले. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की आता अर्थव्यवस्था खुली झाली आहे, पाणी तापवायचं की नाही हे बाजार ठरवेल. सरांनी हे मला सांगितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरचा कोर्स कर."

मी केला. त्याच सुमारास परदेशातून कॉम्प्युटर आणणं सोपं झालं होतं आणि पुण्यात दर दोन गल्ल्यांआड प्रोग्रॅमिंग शिकवणारा क्लास निघाला होता. सहा महिन्यांत मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. ज्या दिल्लीनं माझी गच्ची बंद केली तिनंच मला वातानुकूलित खोलीत खुर्ची दिली, याबद्दल आभार मानावेत की शिव्या द्याव्यात हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, आणि ऑफिस खराडीला हललं तेव्हा आम्हीही खराडीतच आठ मजली नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आई गेल्यावर बाबाही आमच्याकडे राहायला आले.

बिल्डरच्या माहितीपत्रकात सोलरचं गरम पाणी ठळक छापलेलं होतं. ती काही त्याची हौस नव्हती. नव्या इमारतीवर सोलर बसवल्याशिवाय राहायला जायची परवानगीच मिळणार नाही, असा नियम तोवर झाला होता. प्रत्येक न्हाणीघरात एक जादा नळ होता आणि त्याच्यावर लाल ठिपका होता. मला आतून फार बरं वाटलं. सर हयात असते तर त्यांना आवर्जून बोलावलं असतं.

लाल ठिपक्याच्या नळाला गार पाणी यायचं.

पहिल्या पावसाळ्यात वाटलं, ढग आहेत. मग वाटलं, वरचे मजले आधी उठतात, गरम पाणी संपवतात. सोसायटीचे चेअरमन एका बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "अहो, नवीन सिस्टिम आहे, सेट व्हायला वेळ लागतो." आणि जिनं दोन वर्षं पॅनलखाली बसून डबा खाल्ला होता, ती मी चक्क मान डोलावून घरी आले. सकाळी साडेसातची बस असायची. गीझरचं बटण दाबलं की काम होत होतं.

मग भारनियमन सुरू झालं. आमच्या भागात पहाटे पाचला वीज जायची ती नऊपर्यंत यायची नाही. समोरच्या आयटी पार्कात मात्र डिझेलचे जनरेटर धडधडत असायचे आणि रिकाम्या मजल्यांवरचे दिवे लख्ख. आमचं सॉफ्टवेअर निर्यात होतं म्हणून त्याला सवलत, वीज आणि रस्ता. ते लिहिणाऱ्या माणसाला घरी बादलीभर ऊन पाणी नाही. बाबांचा उजवा खांदा धरलेला होता. शेकलं नाही तर त्यांना सदऱ्यात हात घालता येत नसे. गॅसवर पातेली चढवायची आणि न्हाणीघरापर्यंत वाहून न्यायची, असा क्रम सुरू झाला. चौथ्या दिवशी माझ्या पायावर पाणी सांडलं. पाय भाजला म्हणून सुट्टी काढली, आणि त्या सुट्टीत लंगडत गच्चीवर गेले.

पॅनल अस्सल होती. तांब्याच्या नळ्या, वर काळा लेप, चांगली जाड काच. त्यांचा उतारसुद्धा दक्षिणेला बरोबर होता. वरच्या टाकीवर बोटानं टकटक केलं तर ती मडक्यासारखी वाजली. टाकीत पाणीच नव्हतं. गार पाणी आत यायचा पाईप हातभर पुढे येऊन थांबला होता आणि त्याच्या तोंडात लाकडी गुट्टी ठोकलेली होती. गरम पाणी खाली नेणारा पाईप वाकून स्लॅबमध्ये शिरत होता. मी वाकून पाहिलं. तो स्लॅबमध्ये शिरतही नव्हता, सिमेंटच्या एका गोळ्यात नुसता रोवून ठेवला होता. खाली पाईपांच्या डक्टमध्ये डोकावले, तर प्रत्येक मजल्याच्या लाल ठिपक्याच्या नळाची जोडणी सरळ गार पाण्याच्या पाईपला दिलेली.

मी तिथेच कठड्यावर बसले. दीड वर्ष. जिन्यानं दोन मजले चढून यायचे कष्ट मी दीड वर्षात घेतले नव्हते. बिल्डरचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

बिल्डरनं फोन घेतला नाही. म्हणून बांधकाम परवानगीच्या कचेरीत जायचं ठरवलं. बाबांनी सबंध आयुष्य सरकारी कार्यालयात कारकुनी करण्यात घालवलं होतं. ते म्हणाले, "अर्ज मी लिहितो. तू लिहिशील त्यात राग येईल." त्यांनी डाव्या हातानं कागद धरून, दुखऱ्या हातानं, एका पानात अर्ज लिहिला. संयंत्र जोडलेले नाही, तरी पाहणी व्हावी, ही विनंती. पोचपावती घ्यायला विसरू नकोस, असं दोनदा बजावलं.

तिथला इंजिनिअर माझ्याहून दहा वर्षांनी तरुण आणि अतिशय नम्र होता. त्यानं आमच्या इमारतीची फाइल काढली, पान उलटलं आणि माझ्यासमोर फिरवलं.

"मॅडम, हा शेरा बघा. सौर उष्णजल संयंत्र बसविल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले."

"बसवलंय हो. पण ते जोडलेलं नाही. त्यात पाणी जात नाही."

"नियमात बसवणे असा शब्द आहे."

"पाणी तापवायचं यंत्र बसवायचं ते पाणी तापवायलाच ना?"

"ते अभिप्रेत आहे," तो म्हणाला. "पण तपासायचं काय, तर बसवलंय का."

मग त्यानं आवाज खाली आणला. तो मला मदतच करत होता, हे मला नंतर कळलं. "तुमचा अर्ज मी आवक नोंदवहीत घेतला तर पाहणी होईल. पाहणीत जोडलेलं नाही असं निघालं तर आधीचा शेरा चुकीचा ठरतो. त्या शेऱ्यावर तुमचं कम्प्लीशन सर्टिफिकेट दिलेलं आहे. मग सगळ्या इमारतीच्या कम्प्लीशनचाच प्रश्न उभा राहतो. बिल्डर काय, तो केव्हाच मोकळा झालाय. राहताय तुम्ही."

मी तरीही अर्ज दिला आणि पोचपावती घेतली. ही बातमी सोसायटीत माझ्याआधी पोचली. रविवारी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. बिल्डरवर कोणी बोललं नाही, सगळे माझ्याशी बोलले. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला गरम पाणी हवंय की इमारत अनधिकृत व्हायला हवीय?" वाघोलीच्या कॉलेजात शिकवणारा आमच्या वरचा मुलगा म्हणाला, "मॅम, मला फ्लॅट विकायचाय, प्लीज आत्ता नको." सभा संपल्यावर चेअरमन घरी आले आणि बाबांसमोर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मी हात जोडतो."

बाबांनीच दुसरा अर्ज लिहिला. पहिला अर्ज मागे घेण्यात येत आहे. सही करताना मी म्हटलं, "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे की ते चालत नाही, आणि कोणी लिहायचं मात्र नाही."

"लिहिलं की कोणालातरी काहीतरी करावं लागतं," बाबा म्हणाले. "तीस वर्षं दुसरं काय पाहिलं मी."

मग आम्ही ते न लिहिता केलं.

कॅम्पात हॉटेलांचे बॉयलर दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. कॉलेजच्या गच्चीवरचं पाईपकाम त्यांनीच केलं होतं, त्या वेळी मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांचं घराणं चार पिढ्या पुण्यातलं, आणि मराठी माझ्यापेक्षा तिखट. आता त्यांचे गुडघे गेले होते, तरी ते आले, गच्चीवर स्टुलावर बसले आणि ती लाकडी गुट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, काम छान केलंय हो," ते म्हणाले. "गुट्टी सागवानी आहे. एवढ्या कष्टात जोडून झालं असतं."

दोन रविवार लागले. चाचा सांगत होते आणि त्यांचा पुतण्या डक्टमध्ये उतरून एकेका मजल्याची जोडणी सोडवून गरम पाण्याच्या नव्या पाईपवर घेत होता. सोसायटीनं ठराव केला नाही, कारण ठरावात कारण लिहावं लागलं असतं. चेअरमननी 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच नोंदवलं आणि दोन्ही रविवारी स्वतः गच्चीवर येऊन उन्हात छत्री धरून उभे राहिले.

सोमवारी पहाटे वीज गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. आधी अर्धी बादली गार आलं. मग कोमट. मग हात ठेवता येईना. बाबा दारात खांद्यावर पंचा टाकून उभे होते. "बघू," म्हणून त्यांनी बोटं पाण्याखाली धरली आणि दार लावून घेतलं. नेहमी दहा मिनिटांत बाहेर येणारा माणूस त्या दिवशी अर्धा तास आत होता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र म्हणता येणार नाही. नियमात होती तेवढीच, म्हणजे कमीत कमी पॅनल बिल्डरनं बसवली होती, त्यामुळे वरच्या चार मजल्यांची सोय झाली आणि खालच्यांना मिळालं ते कोमट. डॉक्टरांनी यावर लेखी तक्रार केली. हे पाणी अस्तित्वात नसताना त्यांची काही हरकत नव्हती.

वर्षभरानं तोच नम्र इंजिनिअर आमच्याकडे आला, शेजारच्या इमारतीची पाहणी करून जाता जाता. भारनियमन आता दुपारचं झालेलं, लिफ्ट बंद, सहा मजले चढून त्याला धाप लागली होती. मला वाटलं, आता नोटीस. विनापरवाना पाईप टाकले म्हणून. त्यानं गच्ची बघता येईल का असं विचारलं. मी घेऊन गेले. त्यानं टाकीखालच्या पाईपला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"हे खरंच चालतंय," तो म्हणाला.

"हो."

तो पॅनलच्या मागे जाऊन जोडणी बघून आला. मग म्हणाला, "मॅडम, मी राहतो त्या सोसायटीतपण असंच आहे. तीन वर्षं झाली. आमच्याकडेही जोडलेलं नाही. त्या मिस्त्रींचा नंबर मिळेल?"

मला इतक्या गोष्टी बोलायच्या होत्या. तुमच्या इमारतीचा शेरा कोणी लिहिला, हे तर पहिलंच. पण तो कपाळावरचा घाम पुसत होता, आणि घरी त्याची लहान मुलगी होती, तिला सर्दीचा त्रास होता, असंही त्यानं सांगितलं. मी नंबर दिला. अर्ज करू नका, एवढं सांगायची गरज पडली नाही. सहा मजले चढून आलेल्या माणसाला चहा विचारायला हवा होता. मी विचारला नाही.