आत्याच्या उपमा

"सख्खी भाची ही न? मला तर ती शिवानीच भाची वाटली होती." आत्याच्या तेराव्याला माझ्या मागे बसलेल्या काकू शेजारणीला म्हणाल्या. हळूच, पण मला ऐकू जाईल इतपत. समोर शिवानी आत्याच्या फोटोचा हार सारखा करत होती, आणि मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत होते...

त्याला आता महिना होत आला. हिंदी मुलखातल्या आमच्या हरिशंकरपुरम वस्तीतल्या घरी आत्या दर रविवारी आम्हा मुलांना मराठी कविता शिकवायची. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी, अशी आम्ही मुलं. समोरच्या शिवानीच्या घरी तर मराठीचा शब्दही नव्हता; ती मराठी आत्याकडेच शिकली. एकदा शिकवता शिकवता कुकर वाजला. "ही शिट्टी कशासारखी?" आत्यानं विचारलं. मी पटकन म्हणाले, "ऑनोमॅटोपिया." आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना म्हणतात ते, शाळेत नुकतंच झालं होतं. "ते नाव झालं गं. तुला कशी वाटली?" मला काहीच वाटलं नव्हतं. शिवानी म्हणाली, "हमारे पापासारखी. दारातूनच ओरडत येतात." आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "ही उपमा. आता 'सारखी' काढून टाक. कुकर म्हणजे पापाच, गॅसवर बसलेत. हे रूपक." उपमा आणि रूपक मला त्या दिवशी कायमचं कळलं. शिवानी मात्र त्या दिवसापासून आवडेनाशी झाली. पुढे मीही मनात उपमा जुळवून ठेवायची, पण तोंड उघडेपर्यंत तिची सांगून झालेली असायची.

आत्या आजारी पडल्यावरही शिवानी रोज संध्याकाळी यायची. "काकू, आज कैसा है?" "आत कुणी लोखंडी कपाट सरकवल्यासारखं," आत्या म्हणायची, आणि दोघी हसायच्या. मी औषधाचा चमचा धरून उभी. शिवानी गेली की दार लावून मी आत्याजवळ बसायची. माझ्यासाठी तिनं एकही उपमा केली नाही... ते मला फार लागायचं.

तेराव्याला शिवानीनं ते कपाट सगळ्यांना सांगितलं. रडता रडता लोक हसले.

"दुखण्याचीसुद्धा कविता केली हो बाईंनी," मागच्या काकू म्हणाल्या. मग माझ्या खांद्याला हात लावून, "तू पण बोल न बेटा. तुला काय सांगायची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिवानीसुद्धा.

"मला म्हणायची, 'दुखतंय गं.' एवढंच."