छोटा ॲम्प आणि डावा कान

टेबलावर तीन छोटे ॲम्प्लिफायर मांडलेले होते आणि आमचे मालक लालवानी साहेब तिन्ही खोक्यांवरचे वॉट मोठ्याने वाचत होते.

"ये देखो मॅडम, टू हंड्रेड वॉट. इतने से डब्बे में! यही मंगवाओ. खलास."

"सर, इसका ॲडाप्टर देखिए. ॲडाप्टर ही पचास वॉट का है. दो सौ कहाँ से आएंगे?"

साहेबांनी ॲडाप्टर उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. "कस्टमर ॲडाप्टर नहीं पढता. बॉक्स पढता है."

ही २००९ च्या सुरुवातीची गोष्ट. त्याआधी मी याच कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर होते. हॉटेलांच्या हॉलमध्ये, बड्या लोकांच्या व्हिलांमध्ये आम्ही साउंड सिस्टिम बसवायचो. मंदी आली आणि एकेक प्रोजेक्ट 'ऑन होल्ड' गेलं. मोठं ऑफिस सोडून आम्ही बर दुबईत, मीना बाजारजवळच्या साहेबांच्या जुन्या दुकानात आलो. बाकीच्या इंजिनिअर लोकांना त्यांनी परत पाठवलं. मला ठेवलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाळेत शिकलेली, घरात पहिली पदवी घेणारी मुलगी मी. त्या दिवसांत नोकरी टिकली याबद्दल साहेबांचे आभार मी आजही मानते.

दुकानात येणारं गिऱ्हाईकही बदललं होतं. व्हिला सोडून माणसं इंटरनॅशनल सिटीच्या लहान फ्लॅटमध्ये जात होती. मोठ्या सिस्टिम विकून टाकायची आणि विचारायची, "कॉम्प्युटरच्या टेबलावर मावेल असं काही आहे का?" म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि मधे एक छोटा ॲम्प. ॲम्पचं काम सोपं आहे. कॉम्प्युटरमधून निघणारा सिग्नल फार दुबळा असतो, त्याने स्पीकर हलत नाही. ॲम्प त्याला ताकद देतो.

असा एक स्वस्त ॲम्प निवडायचा आणि त्याचा लॉट मागवायचा, हे काम माझ्याकडे होतं. मी साहेबांना सांगितलं की टेबलावर कान स्पीकरपासून हातभर अंतरावर असतो, तिथे पाच-दहा वॉटही पुष्कळ होतात. तिथे बघायचं ते वेगळं. दोनशे वॉटवाल्याला गाणं नसतानाही 'श्श्श' असा आवाज होता. हॉलमध्ये तो कुणाला ऐकू आला नसता, टेबलावर डोकं उठवलं असतं. तो बाद. तिसरा शांत होता, पण दिसायला अगदीच ऑफिसच्या कॅल्क्युलेटरसारखा. आवाज कमी-जास्त करायला गोल नॉब नाही, दोन बटणं. दुसरा मात्र मला आवडला. शांत, आटोपशीर, समोर धातूचा सुंदर गोल नॉब. दिवसभर चांगल्या मोठ्या आवाजात चालवला. दुकानाचा एसी आणि बाहेरचा रस्ता यांच्यावर ऐकू यायचं तर मोठा लावावाच लागे. तापला नाही, डावी-उजवी बाजू सारखी. लॉट मागवला.

पहिल्या काही गिऱ्हाइकांत इक्बाल परकार होते. मूळचे दाभोळच्या खाडीकडचे, वय पन्नाशीच्या आसपास. दुबईहून गाडीने दीड-दोन तासांवरच्या फुजैरा बंदरात, एका ऑइल टर्मिनलवर रेडिओ ऑपरेटर. तेल भरायला येणाऱ्या जहाजांशी रेडिओवर बोलायचं, कुठलं जहाज कधी आत घ्यायचं ते कॅप्टनला कळवायचं. माझं मराठी ऐकून खूश झाले.

"ताई, तुम्ही कुठच्या?"

"बुलढाण्याकडची."

"तिकडं समुद्र नाय ना? मग इथवर आलात कशा?"

"विमानानं."

ते मनापासून हसले. मग म्हणाले, "मला हळू आवाजात चांगली वाजेल अशी मशीन द्या. आमचा रूममेट नाइट शिफ्टवाला, दिवसा झोपतो. मोठ्यानं लावलं तर तो माझं सामान बंदरात नेऊन टाकील."

मी त्यांना दुसरा ॲम्प जोडून दाखवला. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याचा आवाज दोन्ही स्पीकरना सारखा दिलेला असतो. त्यामुळे दोन्हींच्या बरोबर मधे बसलं की गाणारा मधोमध बसून गातोय असं वाटतं, जिथे स्पीकरच नाही तिथे. परकारभाईंनी समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "इथं बसलाय की!" अडीचशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे तीन हजारांवर रुपये देऊन ते खोकं छातीशी धरून गेले.

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"ताई, या मशीनला बॅलन्सचं बटन असतं काय हो? डावीकडचा जरा वाढवायला?"

"या मॉडेलला नाही. का?"

"काय नाय. सहज."

"परकारभाई, सहज कोणी फुजैराहून फोन करत नाही."

"गाणारा उजवीकडे सरकलाय. डाव्या कानाला कमी येतंय मला. आता वय झालं, दुसरं काय."

मी हसण्यावारी नेणार होते. पण त्यांचा आवाज तसा नव्हता. हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीत दर वर्षी मेडिकल असते. रेडिओवाल्यांची कानाची तपासणी त्यात मुख्य. यंदा त्यांनी दोनदा तारीख पुढे ढकलली होती. त्यांच्याबरोबरच्या एकाला मागच्या मेडिकलनंतर नोकरीवरून काढून घरी पाठवलं होतं. धंदा मंद होता आणि माणसं कमी करायला कंपनी कारणच शोधत होती. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. गावी मुलगी बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला होती. त्यांच्या घरात कॉलेजला गेलेली ती पहिलीच.

"आणखी कोणाला बोललात?"

"तुम्हालाच. तुम्ही मशीनवाल्या, म्हणून. डॉक्टरला बोललो तर ऑफिसला कळायचं. तिसरी तारीख पंधरवड्यानं आहे. मी विचार करतोय, आपणच राजीनामा द्यावा. नापास होऊन जाण्यापेक्षा ते बरं."

"राजीनामा नको. आधी ॲम्पच्या मागच्या वायरी उलटसुलट करून बघा."

"नको ताई, मी हात लावणार नाय. तुम्ही तपासून दिलेली मशीन. तिच्यात काय खोट असणार?"

या वाक्याने मला जेवढं अस्वस्थ केलं तेवढं कुठल्या तक्रारीने केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. "फुजैरा? एक ॲम्प के लिए? पेट्रोल कौन देगा?"

"फ्रायडे को जा रही हूँ सर, अपनी गाडी से."

"तो फिर पूछ क्यों रही हो?"

"वो बटनवाला सॅम्पल साथ ले जाना है."

"ले जाओ. वैसे भी उसको कोई नहीं देखता."

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, नवऱ्याने गाडी काढली. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "मम्मा, इज धिस बीच ऑर वर्क?" मी म्हटलं, "दोन्ही."

परकारभाईंची खोली बंदराजवळच्या एका इमारतीत होती. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे रूममेट झोपला होता, म्हणून आम्ही सगळेच कुजबुजत होतो. परकारभाईंनी बिस्किटांची ताटली मुलीच्या हातात दिली आणि टेबलाकडे बोट केलं. सगळं नीट मांडलेलं होतं. स्पीकरवर धूळ बसू नये म्हणून रुमाल. त्यांनी रुमाल काढले, गाणं लावलं आणि नॉब जेमतेम हलवला. एवढ्या हळू आवाजात मी तो ॲम्प तोवर एकदाही ऐकला नव्हता. दुकानात तसं ऐकूच आलं नसतं.

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. गाणारा उजवीकडे होता. अगदी स्पष्ट.

"परकारभाई, मलाही उजवीकडूनच येतंय."

ते हसले. "तुम्ही मनानं चांगल्या आहात ताई."

"अहो, खरंच." मी नवऱ्याला बसवलं. तोही म्हणाला, उजवीकडून.

"साहेब काय, घरातली बाजू घेणार."

एवढ्या दिवसांची भीती दोन माणसांच्या बोलण्याने जाणार नव्हती. त्यांना त्यांच्याच कानाने पटायला हवं होतं. आमच्या शाळेत विज्ञानाला देशपांडे सर होते. प्रयोग फसला की म्हणायचे, "एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी कशाला हात लावू नका." मी परकारभाईंना खुर्चीवर बसवलं. गाणं तेच, आवाज तेवढाच, स्पीकर जागच्या जागी. फक्त ॲम्पच्या मागे डाव्या स्पीकरची वायर उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे लावली.

"आता हे बघा. दोष तुमच्या कानात असेल, तर गाणारा उजवीकडेच राहील. तुमचा कान काही मी बदलला नाही. दोष ॲम्पमध्ये असेल, तर तो डावीकडे जाईल. लावू?"

त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

गाणं सुरू झालं. त्यांचा चेहरा आधी तसाच होता. मग मान किंचित डावीकडे वळली, हाक आल्यावर वळते तशी.

"परत करा," ते म्हणाले.

मी वायरी पूर्ववत केल्या. गाणारा उजवीकडे.

"परत."

तो डावीकडे. डाव्या कानाच्या बाजूला, स्पष्ट. असं आम्ही चार-पाच वेळा केलं असेल. मग ते उठले, माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साखर किती घेता साहेब?" आणि उत्तर न ऐकताच स्वयंपाकघरात गेले. चहाला बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

चहा पिताना मी त्यांना कारण सांगितलं. आवाजाचा नॉब दिसतो एक, पण आत दोन पट्ट्या असतात, एक डाव्या बाजूची, एक उजव्या. नॉब फिरवला की दोन्ही एकदम पुढे सरकतात. स्वस्त नॉबमध्ये या दोन पट्ट्या सुरुवातीच्या टोकाला नीट जुळत नाहीत. एक बाजू आधी जागी होते. नॉब अर्ध्यावर गेला की दोन्ही सारख्या होतात. मी त्यांना तेही करून दाखवलं: कॉम्प्युटरचा आवाज अगदी खाली आणला आणि नॉब वर नेला. गाणारा मधोमध येऊन बसला. मग मी बटणवाला ॲम्प जोडला. बटणांच्या ॲम्पमध्ये पट्ट्या नसतात, आवाजाच्या पायऱ्या आतल्या चिपमध्ये ठरलेल्या असतात. सगळ्यात खालच्या पायरीलाही गाणारा हलला नाही.

"हा ठेवून घ्या. तो मी परत नेते."

परकारभाईंनी नव्या ॲम्पकडे बघून नाक मुरडलं. "दिसायला काय हो हा! माझ्या सासऱ्याच्या दुकानातलं कॅल्क्युलेटर असंच होतं." पलीकडून रूममेट खोकला. आम्ही सगळे गप्प झालो आणि मग आवाज न करता हसत बसलो.

शनिवारी मी साहेबांना म्हटलं की उरलेला सगळा लॉट हळू आवाजात तपासायला हवा, आणि तो ॲम्प घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकांना फोन करायला हवेत.

"और किसी ने कंप्लेंट किया?"

"नहीं सर."

"फिर?"

"सर, इस आदमी ने भी नहीं किया था. वो रिझाइन करने जा रहा था."

साहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. पीछेवाले रूम का एसी बंद करके चेक करो. दुकान में कुछ सुनाई नहीं देगा." हे मला आधी सुचायला हवं होतं. मागच्या खोलीत घाम पुसत मी एकेक खोकं उघडलं. काही ॲम्प बरे निघाले, बरेचसे डावी-उजवीकडे झुकणारे. ते सप्लायरला परत गेले आणि पुढची ऑर्डर बटणवाल्याची दिली. तो कमी विकला गेला. नॉब लोकांना आवडतो, त्याला इलाज नाही.

परकारभाई तिसऱ्या तारखेला मेडिकलला गेले. संध्याकाळी फोन आला.

"ताई, पास. डावा कान एकदम क्लीन बोलला डॉक्टर."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"पण एक गंमत झाली. उजवा थोडा कमी आहे. लिमिटमधे आहे, पण कमी. एवढी वर्षं रेडिओचा फोन त्याच कानाला लावतोय ना. डॉक्टर बोलला, आता डाव्याला लावत जा."

म्हणजे ज्या कानासाठी ते रात्र रात्र जागले, तो ठणठणीत होता, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवला होता तो थकलेला. पुढे कितीतरी वर्षं ते त्याच नोकरीत होते. मुलीचं बी.फार्म. पूर्ण झालं तेव्हा त्यांनी दुकानात हलव्याचा डबा आणून दिला.

टेबलासाठी छोटा ॲम्प घ्यायचा असेल, तर माझा सल्ला एवढाच. वॉट वाचण्यात वेळ घालवू नका. घरी जेवढं हळू ऐकणार असाल, तेवढाच आवाज ठेवून दुकानात ऐका. एसी बंद करायला सांगा, दुकानदार कुरकुर करील, करू द्या. गाणारा मधे बसला तर ॲम्प घ्या. घरी नेल्यावर तो सरकला, तर कानाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी वायरी बदलून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.