चित्रातला धोटा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता; आजही आहे असं म्हणवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. असलं काही लिहून हसं करून घ्यायची मला हौस नाही. पण चित्र समोरच टांगलेलं आहे... म्हणून लिहितो.

आम्ही बेळगावातल्या शहापूरचे विणकर. आई, थोरली आक्का आणि मी. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा आक्का दिवसभर मागावर फेकायची; त्यावरच माझं शिक्षण चाललं होतं.

गेल्या वर्षी बेळगावच्या कॅम्पात लीलाबाई नावाच्या चित्रकार भाड्यानं राहायला आल्या. मूळ मुंबईच्या, काही वर्षं पॅरिसला राहिलेल्या. केस मानेपर्यंत कापलेले, बोटांत सिगारेट. माग बघायला म्हणून त्या आमच्या गल्लीत आल्या, तेव्हा ओळख झाली. तिकडच्या चित्रकार बायकांच्या गोष्टी त्या सांगत — पाटलोण घालून कॉफीच्या दुकानात वाद घालणाऱ्या, थंडीत स्वतःचीच चित्रं जाळून शेकणाऱ्या. मी त्या बायकांवर कविता लिहू लागलो. वर्गातली मुलं चिडवत, "शहापूरचा धोटा पॅरिसला निघाला!" लीलाबाई मात्र प्रत्येक कविता माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेत.

मग त्यांनी मागावर बसलेल्या आक्काचं चित्र काढायला घेतलं.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात अर्धी साडी सोडून उठताना धोटा विणलेल्या कापडावर आडवा ठेवतात. म्हणजे विणणारी परत येणार आहे. विणणारं माणूस कायमचं गेलं, तरच तिथला धोटा उचलतात.

चित्र पुरं झालं त्या दुपारी लीलाबाईंनी आम्हाला कॅम्पात बोलावून वरचं फडकं काढलं. माग होता, अर्धी साडी होती, खिडकीतला उजेडही होता. बसायची जागा रिकामी!

"पोर कुठाय?" आई पुढं झाली. "आनि धोटा?"

लीलाबाईंचा चेहरा उतरला. "मी पुसलं नाही हो. सकाळी झाकलं तेव्हा त्या होत्या इथे."

"मी काळी हाय न्हवं, रंगच पुरला नसंल बाईंना," आक्का हसत म्हणाली.

त्या संध्याकाळी तिला ताप भरला. डॉक्टरांचं औषध झालं, काढे झाले — उतरेना. ती माणसं ओळखेनाशी झाली. आई मला म्हणाली, "शिवा, जा बाबा. त्या बाईला म्हणावं, निदान कापडावर धोटा तरी रंगव."

मी धावत कॅम्पात गेलो. लीलाबाई चित्रासमोरच बसल्या होत्या.

"धोटा काढला रे. पुन्हा पुन्हा काढला. वाळला की दिसत नाही." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "या चित्रावर लिहिलंस काही?"

लिहिलं होतं, पण अर्धवट. चाचरतच म्हटलं —

माग कुणाचे नाव न पुसतो,
हात हवे त्या, पाय हवे...

"पुढे?"

"सुचलं नाही, बाई."

त्यांनी त्या ओळी हळूच पुटपुटल्या. सिगारेट विझवली. "मग मीच बसते."

"म्हणजे?"

"चित्रात रे! घाबरतोस काय? स्वतःला बसवलं की मॉडेल फुकट." त्या हसल्या. मीही हसलो, आणि घरी आलो.

दुसऱ्या सकाळी आक्काला घाम सुटून ताप उतरला. डोळे उघडून म्हणाली, "आई, भूक लागलीया गं."

ही बातमी द्यायला मी पळतच गेलो. दार उघडं. ब्रश ओला. चित्रासमोर लीलाबाईंच्या चपला. आणि चित्रात... मागावर एक बाई पाठमोरी बसलेली. केस मानेपर्यंत कापलेले. हातात धोटा.

लीलाबाई पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. पोलिसांनी स्टेशनवर चौकशी केली, मुंबईला तारा केल्या. घरमालकानं खोली रिकामी करताना चित्र मला दिलं — "तुमच्याच घरचा माग हाय, घेऊन जावा."

त्या स्वतःचं चित्र काढून मनात आलं तशा निघून गेल्या असतील, असं मी स्वतःला सांगतो. त्यांच्या गोष्टींतल्या बायकाही अशाच निघून जात. अनवाणी कशा गेल्या, ते मात्र सांगता येत नाही.

आणि दुसरं — चित्र घरी आणलं तेव्हा साडी अर्धीच होती. आता पदर लागला आहे, म्हणजे साडी संपत आली. मला वाटलं, भास असेल. पण विणकामातलं आक्काला कळतं. परवा तिनं चित्रातलं कापड जवळून निरखलं.

"नवशिकी हाय," ती म्हणाली, "पर हात लई बसलाय आता." मग पदराकडे बोट करून, "साडी विणून उतरली की उठंल की रं ती. मग त्या जागी कोन बसंल?"

कवितेची पुढची ओळ अजून सुचलेली नाही. खरं सांगायचं तर सुचू नये असंच वाटतं.

हल्ली मागावरून उठताना आक्का धोटा दोन्ही हातांनी कापडावर ठेवते आणि चित्राकडे बघते. चित्रातल्या बाईनं तिचा धोटा अजून खाली ठेवलेला नाही. पदर मात्र थोडाच उरला आहे.