मध्यापर्यंतची होडी

आज सकाळी काशीतल्या अमृतराव घाटावर एक नावाडी उपड्या नावेला गरम डांबर लावत होता. त्या वासानं मला बाबांची होडी आठवली.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. जन्मभर गाड्यांतून फिरलेला माणूस. घरात त्यांचा जीव रमेना, तेव्हा त्यांनी जुन्या दाराच्या फळ्यांची होडी केली, तिला धोतराचं शीड लावलं. गंगेच्या मध्यापर्यंत, म्हणजे काशीच्या हद्दीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं.

एका दुपारी मीही त्यांच्याबरोबर गेले. शीड छान फुगलं होतं. ऐन मध्यावर फळ्यांचा सांधा उकलला आणि पाणी आत येऊ लागलं. बाबा सांध्यात गमछा कोंबत होते, मी लोट्यानं पाणी उपसत होते. पलीकडच्या काठाची, रामनगरकडची रेती अगदी जवळ दिसत होती.

"बाबा, तिकडेच लावू या ना."

"तिकडे काशी नाही."

"आणि बुडालो तर?"

"तर काशीत बुडू," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी होडी वळवली.

मला पोहता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा मला त्यांच्या श्रद्धेचा अभिमान वाटला होता. आज, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा राग आला.

"दीदी, उस पार चलिएगा?" नावाड्यानं विचारलं.

बाबा तर केव्हाच वारले. व्रत त्यांचं होतं, माझं नव्हतं.

"नहीं भैया, घर पर काम है," मी म्हणाले.

घरी काहीच काम नव्हतं.