चकचकीत झालेली जर्मन सुरी

कुवेतमधली ती जर्मन सुरी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झाल्यावर मी तिथे एका कंपनीत सुरक्षा अधिकारी होतो.

तिथल्या एगैला भागात राहणारा आमचा एक इंजिनीअर, मूळचा नाशिकचा, महायुद्धातल्या जर्मन लढाऊ सुऱ्या जमवायचा. साइटवरून परतल्यावर त्याने तक्रार केली की कपाटातली जुनी, काळी पडलेली सुरी नेऊन कोणीतरी चकचकीत नक्कल ठेवली आहे. त्याच्या सुरीवर कारखान्याचा ठसा दिसत नव्हता. या सुरीवर मात्र तो मुठीजवळ स्वच्छ दिसत होता. संशय कंपनीच्या, मूळच्या रत्नागिरीच्या ड्रायव्हरवर, कारण घराची दुसरी चावी त्याच्याकडे असे. चोरी ठरली असती तर त्याची नोकरी आणि अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, दोन्ही गेली असती.

मी जुन्या सवयीने ड्रायव्हरला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला.

"साहेब, मी चावी सांभाळतो," तो म्हणाला. "कपाट नाय उघडत."

खोटं बोलणारा तपशील वाढवत जातो. हा वाढवत नव्हता.

मग मी इंजिनीअरकडून ठसे ओळखायला शिकलो. नकली ठसा मागाहून कोरतात, म्हणून तो गंजाचे खड्डे कापत जातो. खरा ठसा आधी ठोकलेला, गंज नंतरचा. रागाच्या भरात त्याने हे तपासलंच नव्हतं. मी भिंगातून पाहिलं, तर खड्डे ठशाच्या अक्षरांवर पसरले होते. सुरी तीच होती, फक्त कोणीतरी घासली होती. म्यानाच्या तोंडाशी लाल कण दिसले. बोटावर घेतले, तर कुंकू.

इंजिनीअरची आई नाशिकहून राहायला आली होती. तिला आतापर्यंत कोणी काही विचारलंच नव्हतं.

"अहो, खंडेनवमी होती," ती म्हणाली. "घरात शस्त्र आणि इतकं काळंकुट्ट? चिंच लावून घासलं, मग पूजा केली."

मुलाने कपाळाला हात लावला. जुना काळा थर गेला की अशा सुरीची किंमत उतरते. तरी तो भिंग सोडेना. जो कारखाना तो इतके दिवस शोधत होता, तो आईच्या चिंचेने दाखवला होता.

आईचं हसं होऊ नये, अशी त्याने विनंती केली. मी कंपनीत एवढंच सांगितलं, की सुरी सापडली. ड्रायव्हरची नोकरी वाचली, पण पुढे कोणी त्याच्या हाती घराची चावी दिली नाही. तो एकदाच माझ्याकडे आला.

"सापडली म्हटलंत, साहेब. मग नेली कोणी, ते लोकच ठरवतात."

आरोप चारचौघांत झाला, तर निर्दोष असल्याचंही चारचौघांत सांगावं लागतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळलं नव्हतं. म्हणून आज लिहितो. ती सुरी कोणीही चोरली नव्हती. तो माणूस प्रामाणिक होता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.