निळी आली का?

भाऊ घरात आले की आधी संगणकाच्या पडद्याकडे बघायचेच नाहीत. चपला दारात, हत्यारांची पिशवी टेबलावर आणि उजव्या हाताचा तळवा सरळ सीपीयूच्या डोक्यावर. लेकराचं अंग गरम आहे का बघावं तसे डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. मग निकाल द्यायचे.

"ताप शे, ताई."

ताप नसला तर "ताप नही शे." चहा दोन्ही निकालांवर लागायचा.

संगणक दुरुस्त करणारा एक तरी माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. फोनवर "निघालोच" म्हणतो आणि तेव्हा कुठेतरी निवांत जेवत असतो. आमचे भाऊ त्यातलेच. मूळचे पिंपळनेरचे, दुकान जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी. गिऱ्हाइकाशी शुद्ध मराठी बोलायचे, पण मशीनला हात लावला की थेट अहिराणी. मी घरी लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. त्यामुळे माझं मशीन बंद म्हणजे माझं दुकान बंद, आणि भाऊंचा चहा सुरू.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. भाऊंनी तळवा ठेवला आणि झटकन उचलला. "कूलर कुठं लावता? तिकडं? माणसं पंख्यात बसतील हो, कूलर मशीनकडे फिरवा." मी लगेच फिरवला. सांगितलेलं काम त्याच दिवशी उरकायचं, हा माझा नियम.

आणि मग निळ्या पडद्याचा त्रास सुरू झाला. टाइप करता करता सगळं गायब, समोर निळाशार पडदा आणि त्यावर पांढरा रडका चेहरा. मशीन आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. भाऊ त्याला नुसतं "निळी" म्हणायचे. फोन उचलताच विचारायचे, "निळी आली का?" पुढचा प्रश्न, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

ते यायचे, मेमरीची पट्टी काढायचे, तिच्या सोनेरी कडेवर शाळेतला खोडरबर घासायचे, फुंकर मारायचे, परत बसवायचे. मशीन सुरळीत. चार-आठ दिवसांनी पुन्हा निळी. एकदा त्यांनी विंडोज नव्याने टाकली, एकदा वायरींना दोष दिला, एकदा आमच्या वीज मंडळाला. प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीने म्हणायचे, "आते जन्मात येणार नही."

मी यादी ठेवली होती. निळी कधी आली, तेव्हा कोणता प्रोग्रॅम उघडा होता, पेन ड्राइव्ह लावला होता का. भाऊंनी ती वाचली आणि मला हात जोडले. "ताई, एवढी माहिती तर मी पोरीला स्थळ बघताना नव्हती काढली."

पोरीचं लग्न खरोखरच ठरलं होतं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर लगेच, पिंपळनेरला. भाऊ पत्रिका घेऊन माझ्याकडे आले, म्हणजे पत्रिकेतली नावं घेऊन. आपल्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी एका कोपऱ्यात मावतात. खरी जागा लागते ती काका, मामा, फुवा, मेहुणे आणि भाऊबंद यांना. एक नाव गळलं तर माणूस मांडवात येत नाही, आणि आलाच तर जेवत नाही. त्यात भाऊंचे थोरले काका आधीच रुसलेले. पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होती.

भाऊ पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. गावाकडून फोनवर नावं येत होती, ते सांगत होते, मी टाइप करत होते. मी अधूनमधून सेव्ह करत होते. मामेभावांपर्यंत आलो आणि निळी आली.

मशीन परत सुरू झालं, पण फाइल उघडेना. हाताशी उरली सकाळची प्रत. तिच्यात देवाचं नाव, नवरा-नवरी आणि मुहूर्त, बस्स.

इतर गिऱ्हाइकांना भाऊ अशा वेळी सांगायचे, "त्यात काय एवढं, परत टाइप करायचं." त्या दिवशी गिऱ्हाईक तेच होते. फोनवर कुणी बाई अजून नावं सांगत होत्या, तो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. मग उठून नुसत्या सवयीने तळवा सीपीयूवर ठेवला. डोळे मिटले. या वेळी जास्त वेळ उभे राहिले. हात उचलून बोटांवर बोटं घासली.

"ताप नही शे," ते हळूच म्हणाले. "गार शे. माठासारखं गार. आणि वलं लागस."

त्यांनी कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झाकण काढलं. आत सगळीकडे दमट धूळ चिकटलेली, पट्टीच्या खाचेत सुद्धा. कूलरची ओली हवा दिवसभर थेट आत जात होती. खोडरबर पट्टीला कितीही घासला, तरी ओल पुन्हा धरणारच.

"कूलर इकडे कोणी फिरवायला लावला?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही."

"मन्हीच चूक शे!" असं म्हणून ते इतके मोठ्याने हसले, की स्वयंपाकघरातून आमचे हे बघायला आले. चूक सापडल्याचा एवढा आनंद मी कुणालाच झालेला पाहिला नाही.

कूलर दुसऱ्या खिडकीत गेला. सगळे भाग पंख्याखाली वाळवले, खाच ब्रशने साफ केली, पट्टी बसवली आणि पुन्हा पहिल्या काकांपासून सुरुवात केली. मशीन मजेत, आम्ही दोघं घामाने निथळलेले. भाऊ ओल्या पंच्याने मान पुसत गावोगावची नाती तोंडपाठ सांगत होते. थोरले काका सगळ्यात वर. निळी आली नाही. शेवटी मी विचारलं, "कुणी राहिलं?"

"एक राहिलं. व्यवस्थापकांत तुमचं नाव टाका."

मला वाटलं, गंमत. पण पत्रिका तशीच छापली गेली. पिंपळनेरच्या मांडवात एका आजीबाईंनी माझा हात धरला. "तुम्हीच ना त्या व्यवस्थापक? मठ्ठा सरी गया!" मी पर्स ठेवली आणि कामाला लागले. पंगतीत थोरले काका जिलेबी मागून घेताना दिसले, तेव्हा भाऊंनी लांबूनच मला तळवा दाखवला. ताप नाही.

पुढे भाऊ दुकान आवरून गावी शेतीकडे गेले. त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जाण्याआधी त्यांनी आमच्या खिडकीच्या चौकटीवर जाड मार्करने मशीनकडे पाठ केलेला एक बाण काढून ठेवला: कूलरचं तोंड इकडे. आम्ही घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला सांगितली. त्याला ते पटलं नाही, पण त्याने सोडली.

ऊन तापायला लागलं की पिंपळनेरहून फोन येतो.

"निळी आली का?"

"नाही, भाऊ."

"मग ताप?"

"मशीनला नाही. मलाच आहे, गारवा सगळा तुमच्या बाणाच्या दिशेने जातो."

पलीकडे ते तसेच मोठ्याने हसतात. मी फोन ठेवते, सीपीयूवर तळवा ठेवते आणि कामाला बसते.